मेंदूतली राखण

माझा नवरा शिडीवरून पडला तेव्हा मी घावन काढत होते. नोव्हेंबरातला रविवार होता आणि सकाळचे आठ वाजले असतील. मागच्या परसात आमची सात कलमं आहेत. त्यांच्यावरची बांडगुळं काढायचं काम चाललं होतं. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढलं की ते फांदीचाच रस पितं, म्हणून मोहोर यायच्या आत ते छाटून टाकावं लागतं. त्यासाठी आमचा नेहमीचा माणूस आला होता. साठी उलटलेला, पण अजून सरसर चढणारा. यांना मात्र स्वस्थ बसवेना. "खालच्या फांद्यांचं मी बघतो," म्हणाले आणि कोयता घेऊन त्यांनी शिडी लावली.

हे तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. चालत्या बोटीवर उभ्या लोखंडी शिड्यांवरून चढण्या-उतरण्यात आयुष्य गेलेलं. घरी कायमचे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आठ फुटांच्या बांबूच्या शिडीबद्दल मला कसली काळजी वाटणार? उलट आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं, "यंदा बांडगुळं फार झालीत, जरा बघा ना." ते वाक्य मी नंतर किती वेळा मनात उलटंपालटं करून पाहिलं, त्याला मोजमाप नाही.

पडल्याचा आवाज मला आला नाही. आला तो त्या माणसाचा आवाज. "वैनी, लवकर येवा! दादा पडले!"

मी धावले. हे कलमाच्या बुंध्याशी उताणे पडले होते. तिथे आम्ही आळ्याभोवती जांभ्याचे चिरे लावलेत. त्यातल्या एका चिऱ्यावर डोकं आपटलं होतं. डोळे अर्धवट उघडे, पण त्यात बघणं नव्हतं. माझ्या हाताला अजून पीठ होतं. त्याच हातांनी मी त्यांचा चेहरा धरला आणि हाका मारत राहिले. किती वेळ? तो माणूस म्हणतो, मिनिटभर. मला विचाराल तर मी सांगू शकत नाही.

मग त्यांनी डोळे मिचकावले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोयता कुठे गेला?"

मी आणि तो माणूस, दोघंही हसलो. त्याने कपाळाचा घाम पुसला. "काय नाय झाला," तो म्हणाला, "बसले हायत, बोलतायत, काय नाय झाला." हे स्वतःच्या पायांनी चालत ओटीवर आले. मागे उजव्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ होतं, रक्त नव्हतं. मी बर्फ लावला, चहा दिला. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर म्हणाले, "बोटीवर याच्यापेक्षा मोठी टेंगळं आली आहेत." मग जरा पडतो म्हणाले, आणि मी त्यांना पडू दिलं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. डोक्याला मार लागलेल्या माणसाला तपासल्याशिवाय झोपू देऊ नये, हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बारा वाजता त्यांना उलटी झाली. तीही नुसती उलटी नव्हती, एकदम जोरात, समोर फेकल्यासारखी. मी विचारलं, "आज वार कोणता?" ते थोडा वेळ थांबले. "सोमवार," म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "नाही का?"

माझ्या धाकट्या दिरांचं घर पलीकडेच आहे. त्यांनी गाडी काढली. एक वाजता आम्ही स्कॅनच्या दारात होतो. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि पेनाने एक जागा दाखवली. पुढे, डावीकडे. मला वाटलं ते चुकताहेत. "मार मागे लागलाय, उजवीकडे," मी म्हटलं.

"हो. मेंदू आत हलतो ना. मागे आपटला की पुढे जाऊन कवटीवर आदळतो. रक्त तिथे साकळलंय. फार नाही, पण जागा चांगली नाही. मेंदूचा सर्जन पाहिजे. कोल्हापूरला न्या. आत्ताच."

अडीच वाजता आम्ही अँब्युलन्समध्ये होतो. हातखंबा, पाली, साखरपा. या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यावरचा प्रत्येक खड्डा कळला. सोबत आलेली नर्स दर थोड्या वेळाने यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होती. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत ना, हे ती बघत होती. मला ते माहीत होतं, म्हणून मी यांच्याकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आंबा घाटात वळणं सुरू झाली तसे हे कण्हायला लागले. पुढे एक लाकडांचा ट्रक रांगत चालला होता, त्याच्या मागे आम्ही. सायरन वाजत होता, पण घाटात तो ट्रक बाजूला तरी कुठे घेणार? मी यांचा पाय धरून बसले होते. पायच हाताला लागत होता.

संध्याकाळी सहाच्या आसपास कोल्हापूरला पोचलो. सर्जन बाई होत्या, चाळिशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्यासारखं बोलून तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "आत्ता ऑपरेशन नको. ठीक आहेत. बोलताहेत, हातपाय हलवताहेत. पण मला पहिला दिवस महत्त्वाचा वाटत नाही. तिसरा, चौथा, पाचवा, हे दिवस बघायचेत."

पुण्याहून मुलगी आली. पहिले दोन दिवस हे तिच्याशी बोलले. आयसीयूतलं जेवण वाईट आहे म्हणाले, कोयता सापडला का विचारलं. आम्हाला वाटलं, सुटलो. दिरांना मी रत्नागिरीला परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आत गेली आणि लगेच बाहेर आली. "आई, बाबा मला ताई म्हणाले. दोनदा." यांची थोरली बहीण पूर्णगडला असते, तिला हे ताई म्हणतात. मी आत गेले. हे झोपेत होते, पण ती झोप नव्हती. हाक मारली की डोळे उघडत, परत मिटत. पाणी हवं का विचारलं तर म्हणाले, "दोर." परत विचारलं. "दोर, दोर." आणि चिडले, मला साधा शब्द कळत नाही म्हणून.

परत स्कॅन झाला. दुपारी सर्जनबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. डॉक्टर शेजारी येऊन बसतात तेव्हा काय समजायचं, हे मला तिथल्या तीन दिवसांत कळलं होतं.

"रक्त वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सूज वाढलीय."

"पण मार तर रविवारी लागला. आज बुधवार आहे. आता काय वाढतंय?"

"मार एका क्षणात लागून गेला. त्याचं मी काही करू शकत नाही. आता जे चाललंय ते मेंदूच्या आतलं आहे. जखमेतून पाणी झिरपतंय, रक्तवाहिन्या सैल पडल्यात. आणि मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी असतात—"

"मायक्रोग्लिया," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बारावीला बायोलॉजी शिकवते."

"मग काय शिकवता त्यांच्याबद्दल?"

मी आठवून बघितलं. "एक ओळ," मी म्हटलं. "त्या मेंदूचं रक्षण करतात."

त्या हसल्या नाहीत. आपल्या हाताची बोटं पसरून त्यांनी मला दाखवलं. एरवी या पेशी अशा असतात, म्हणाल्या. बारीक बारीक फांद्या असलेल्या. एका जागी बसून त्या सगळीकडे फांद्या फिरवत असतात, चाचपत असतात, काही बिघडलंय का बघत असतात. रात्रंदिवस. कुठे जखम झाली की काही मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्यांच्या फांद्या तिकडे वळतात आणि जखमेभोवती कुंपण घालतात. मग त्यांनी बोटं मिटली आणि मूठ केली. "मग त्या अशा होतात. गोल, जाड. मेलेल्या पेशी, साकळलेलं रक्त, सगळं गिळून साफ करतात. इतरांना बोलवायला रसायनं सोडतात. ते हवंच असतं. ते झालं नाही तर जखम भरणारच नाही. पण त्या रसायनांनी सूजही येते. आणि कधीकधी त्या थांबत नाहीत. जवळच्या धडधाकट पेशींनाही त्रास होतो."

"मग थांबवा ना त्यांना."

"कशाने? सुजेवर आपण एरवी स्टिरॉइड देतो. या माराला ते चालत नाही, उलट अपाय होतो. आणि नेमकं कुठे थांबवायचं? आज त्या चांगलं काम करताहेत की वाईट, हे मला बाहेरून दिसत नाही. स्कॅनमध्ये त्या दिसतच नाहीत. मी फक्त सूज बघते. पाणी खेचून घेणारं औषध चालू केलंय. त्याने दाब उतरला नाही, तर कवटीचं हाड थोडे दिवस काढून ठेवावं लागेल, मेंदूला फुगायला जागा म्हणून. त्याच्या कागदावर सही करून ठेवा. लागेलच असं नाही."

मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, फळ्यावरचं सगळे वाखाणतात. त्या कागदावरची सही मला नंतर दाखवली असती तर माझी आहे असं मी मानलं नसतं.

त्या दोन दिवसांची भीती मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. घरात चोर शिरला तर आरडाओरडा करता येतो. इथे यांच्या डोक्यात जे चाललं होतं ते यांच्याच पेशी करत होत्या, यांच्याच भल्यासाठी, आणि त्यात हे जात होते. त्या पेशींबद्दल मी कधीकाळी एका पुस्तकात वाचलं होतं, की त्या मेंदूत तयार होत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना त्या बाहेरून येतात, मेंदूत शिरतात आणि जन्मभर तिथेच राहतात. म्हणजे यांच्या आईने यांना पोटात धरलं तेव्हापासून त्या आत येऊन बसल्या होत्या. छप्पन वर्षं गप्प बसून राखण करत होत्या. बाकावर बसून मला वाटायचं, आत्ता त्यांना कोणीतरी सांगायला हवं की पुरे, झालं, कामावरून परत या. आणि सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

आमच्याकडे गावाच्या सीमेवरच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा नारळ देतात. त्या गुरुवारी पूर्णगडच्या वन्संचा फोन आला. "मी नारळ ठेवून आले गो," त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, तुझी राखण आहे, सांभाळ त्याला." मी अशा गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. पण मी त्यांना विचारलं, "वन्सं, काय सांगितलंत नेमकं? शब्द काय होते?" त्यांनी सांगितले. मी ते मनातल्या मनात म्हटले, आणि मला स्वतःची लाज वाटली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "आज पाणी मागितलं." दोर नाही, पाणी. हाड काढावं लागलं नाही. बाराव्या दिवशी आम्ही परत घाट उतरलो. त्याआधी सर्जनबाईंनी मला एकटीला बोलावून सांगितलं, "सूज उतरली म्हणजे आतलं सगळं शांत झालं असं नाही. काही जणांत त्या पेशी महिनोन् महिने जाग्याच राहतात. कधी जास्तही. विसरणं, चिडणं, थकवा, आवाज सहन न होणं. त्यात मूळ जखमेचा भाग किती, या पेशींचा किती, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांचा किती, हे मी वेगळं करून सांगू शकणार नाही. एक मात्र नक्की सांगते. परत डोक्याला मार लागता कामा नये. त्या पेशी एकदा चवताळलेल्या असतात, दुसऱ्या वेळी छोट्या कारणानेही जास्त भडकू शकतात."

हे शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले, आणि मग आमच्या घरात भीती राहायला आली.

न्हाणीघराची फरशी मी खडबडीत करून घेतली. परसातले चिरे उचलायला लावले. नारळाच्या झाडांखालून यांनी जायचं नाही, असं ठरलं. ठरवलं मीच. नारळाखालून न जाता रत्नागिरीत कुठे जाता येतं? शेजारच्या झाडावरून झावळ पडली तरी मी कॉलेजात शिकवत असल्यासारखी मोठ्याने ओरडत असे, "कुठे आहात?" आणि हे आतून चिडून म्हणत, "इथेच आहे! कुठे जाणार?"

चिडणं हे यांना कधीच माहीत नव्हतं. बोटीवरून नऊ नऊ महिन्यांनी येणारा माणूस घरात भांडत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. आता मिक्सर लावला की हे कानांवर हात ठेवून ओरडत. मी वाटण पाट्यावर वाटू लागले. एकदा जानेवारीत मुलगी आली होती, जेवताना तिने सहज विचारलं, "बाबा, हा मासा कोणता?" ताटात सौंदाळा होता. यांना नाव आठवेना. ओठ हलत होते. मुलगी पटकन म्हणाली, "सौंदाळा ना?" आणि यांनी ताट उचलून भिंतीवर मारलं.

भिंतीवरून आमटी ओघळत होती. हे स्वतःच्या हाताकडे बघत बसले, जसा तो हात दुसऱ्या कोणाचा आहे. मग उठून खोलीत गेले. मुलगी रडत भिंत पुसायला लागली. मी तशीच बसून राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे मनात आलं, हा तो नाहीच, तो चिऱ्यावरच राहिला. हे मी मुलीला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

कोल्हापूरला फोन केला. सर्जनबाईंनी फिटची गोळी बदलली, कारण आधीच्या गोळीनेही काहींचा राग वाढतो. नव्या गोळीवर महिनाभरात चिडणं कमी झालं. गोळीमुळे झालं, की तेवढ्यात आतलं काही निवलं, देव जाणे.

मार्च महिन्यात मी कॉलेजमधून दीडला घरी आले तर दार नुसतं ओढलेलं. हे घरात नाहीत. मोबाइल टेबलावर. परसात नाहीत, दिरांकडे नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "सकाळी फाटकातून जाताना बघितलं. मला वाटलं तुम्हाला सांगून गेले." दीर बंदराच्या बाजूला गेले, मी रिक्षाने खाडीपलीकडच्या भाट्याच्या किनाऱ्याकडे. का भाट्याकडे, ते सांगता येणार नाही. आमचं घर पुलाच्या अलीकडे आहे, पाय नेहमी तिकडेच वळतात, एवढंच.

पुलावरून रिक्षा चालली होती आणि मी कठड्यापलीकडे खाडीच्या पाण्यात बघत होते. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि काही न बोलता वेग कमी केला. त्याला कळलं असावं मी काय शोधते आहे. ओहोटी होती. पाण्यात होड्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

हे सुरूच्या बनाच्या कडेला सापडले, वाळूत बसलेले, उन्हात. शर्ट घामाने चिकटलेला. मला बघून चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. लहान मुलाचा हात जत्रेत सुटावा आणि मग आई दिसावी, तसं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी तो चेहरा झाकला आणि म्हणाले, "काय गं, तू इथे कशी?"

"तुम्हाला न्यायला."

"मी येतच होतो."

"कधीपासून बसलात?"

त्यांनी हातावरची वाळू झटकली. मग म्हणाले, "रस्ता दोन बाजूंना जातो ना. पूल कुठल्या बाजूला ते..." आणि थांबले. समुद्रावर बसून पूल कुठल्या बाजूला हे या माणसाला समजत नव्हतं. मी त्यांचा हात धरला, रिक्षापर्यंत आणलं. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं आणि तोंडात टॉवेल धरून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

त्या वर्षी मज्जासंस्थेचा धडा शिकवायची वेळ आली. मी फळ्यावर मेंदू काढला, आणि त्या एका ओळीच्या जागी मला पूर्ण तास लागला. तासानंतर एक मुलगी थांबली. तिने विचारलं, "मॅडम, माझ्या काकांना अर्धांगवायू झालाय. त्यांच्या डोक्यातपण असंच होतं का?" मी म्हटलं, "होत असणार. तिथेही जखमच आहे." "मग त्या चांगल्या की वाईट?" "त्यांच्याशिवाय चालत नाही," एवढं मी म्हटलं. ती गेली आणि मला वाटलं, तिला काहीतरी धीर द्यायला हवा होता.

वर्ष होत आलं तेव्हा कोल्हापूरला शेवटचा स्कॅन झाला. जखमेच्या जागी एक छोटा काळा डाग राहिला आहे, बाकी ठीक. सर्जनबाई म्हणाल्या, "वर्षात जे सुधारतं त्यातलं बरंच सुधारलंय. आता थोडं थोडं, हळूहळू." आत राखण शांत झाली आहे का, हे मी विचारलं नाही. त्यांनाही ते दिसत नाही, हे मला माहीत होतं.

परतताना साखरप्याला चहाला थांबलो होतो. हे कप हातात धरून समोर बघत होते. मग म्हणाले, "तुला एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"तू माझ्याकडे बघत असतेस ना, सारखी. मी शिंकलो तरी बघतेस. मला सगळं कळतं. मी शब्द शोधायला लागलो की तुझे डोळे असे होतात. मग मला तो शब्द सापडतच नाही."

मी माझा कप खाली ठेवला.

"भाट्याला त्या दिवशी मी तीन तास बसलो होतो," ते म्हणाले. "कोणालाही विचारता आलं असतं. ओळखीची चार माणसं गेली समोरून. मी हात करून हसलो त्यांच्याकडे बघून. विचारलं नाही. विचारलं असतं तर ते तुला कळलं असतं. तू घाबरली असतीस. मला माझी भीती वाटतेच, पण तुझ्या भीतीची जास्त वाटते."

इतकी लांब वाक्यं ते पडल्यापासून पहिल्यांदा बोलले होते, मध्ये न अडखळता. मला त्याचाच आनंद व्हायला हवा होता. पण वाईटच वाटलं. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की मी त्यांची काळजी घेते आहे. त्यांच्या बाजूने ते कसं दिसत असेल, हा विचार मी केला नव्हता.

"मग काय करू?" मी विचारलं.

"काही करू नको. मला ताईकडे जायचंय. एकट्याला. एसटीने."

मी नाही म्हटलं. आठ दिवस नाही म्हणत राहिले. नवव्या दिवशी त्यांना स्टँडवर सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत न थांबता परत फिरले, कारण थांबले असते तर मीही चढले असते. पूर्णगड म्हणजे काही परदेश नाही, पावसवरून पुढे, दीड तास फार तर. त्या दिवशी मी दोन तास शिकवले. काय शिकवलं ते मला विचारू नका.

अकराला गाडी पोचायला हवी होती. साडेअकराला वन्संचा फोन नाही. बाराला मी केला. "नाही गो आला अजून," त्या म्हणाल्या. "एसटी तर गेली मघाशीच." स्टाफरूममध्ये खुर्ची धरून मी उभी राहिले. सगळे रस्ते, सगळे पूल, सगळे कठडे डोळ्यांपुढून गेले. दिरांना फोन लावायला मी आकडे दाबत होते.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. वन्संच्या नंबरावरून हे बोलत होते, दमलेल्या आवाजात.

"एक स्टॉप आधी उतरलो," म्हणाले. "वाटलं आलं. मग एका बाईला विचारलं. ती म्हणाली, पुढे आहे, चालत जाल का? म्हटलं जातो."

"उन्हातून चालत आलात?"

"टोपी होती गं."

मला खूप काही विचारायचं होतं. चक्कर आली का, गोळी घेतली का, नारळांच्या बागांमधून आलात की रस्त्याने. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "जेवा आता."

"जेवतोय. ताईने कालवं केलीत." मग म्हणाले, "विचारलं मी त्या बाईला. सरळ विचारलं."

"बरं केलंत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझा पुढचा तास सुरू झाला होता. फळ्यावर अक्षर नीट आलं नसतं, म्हणून खडू न घेता मी वर्गात गेले आणि मुलांना पुस्तक उघडायला सांगितलं.